सोळा मात्रांची मोजणी

चुन्याची वर्तुळे सोळा, मुले चौतीस, टेप एक, शिट्टी एक. एवढी यादी रीनाने शुक्रवारी दुपारी वहीत लिहून ठेवली होती. शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती शाळेच्या मैदानात पोचली, तेव्हा यादीत नसलेली एक गोष्ट तिथे होती. प्रत्येक वर्तुळात एकेक मोठा माणूस उभा होता.

रीना भौतिकशास्त्राची पदवीधर, जवाहरनगरच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. गोसीखुर्दच्या धरणामुळे उठून नव्या जागी वसलेल्या या गावात ती कंत्राटी शिक्षिका होती. संगीताला शिक्षक नव्हता, म्हणून तो तास तिच्या गळ्यात पडला होता. कंत्राट याच महिन्यात संपत होते. ते वाढवायचे की नाही, हे केंद्रप्रमुख भुपेंद्र सर आजचा संगीताचा तास पाहून लिहिणार होते.

तिने मुलांना तीनताल शिकवला होता. मात्रा सोळा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. नवव्या मात्रेला मात्र काल, म्हणजे टाळी नाही, हात नुसता बाजूला न्यायचा. चाचणी घेतली तर चौतीसपैकी सत्तावीस मुलांनी नवव्यालाच दणदणीत टाळी दिली. दर चार मात्रांनी वाजत आलेला हात तिथे थांबायला तयारच नव्हता. म्हणून उजळणीसाठी तिने खेळ काढला. संघ दोन, प्रत्येकात सोळा मुले वर्तुळांत आणि सतरावा मात्रा मोजणारा. दीड-दीड मीटरवर वर्तुळे, आत आकडे, नववे वर्तुळ विटेच्या चुऱ्याने लाल. जो नवव्याला टाळी वाजवेल, तो वर्तुळाबाहेर.

“नमस्कार मॅडम,” पहिल्या वर्तुळातून तेजराम म्हणाले. ते थेट तलावावरून आले होते, खांद्यावर ओले जाळे तसेच होते. “लिवा नाव. एक नंबर, तेजराम.”

“कसलं नाव, काका?”

“आता कसलं म्हनता? काल तुम्ही टेप लावून मोजून राहिल्या होत्या. साऱ्या गावानं पाह्यलं न!”

“अहो, तो खेळ आहे. संगीताचा.”

“सरकारचं काम पयले खेळच वाटते, मॅडम.”

चौथ्या वर्तुळातल्या केशरबाईंनी पदर खोचला. “जुन्या गावात असाच चुना टाकला होता, असेच नंबर. तवा मी भाचीच्या लग्नाले गेली होती. जे हजर होते त्याईले रोडावरचे प्लॉट भेटले, मले नाल्याकाठचा. आता मी हालत नाही, बाप्पा!”

“पन तो एकच लाल काहून हाय?” सोळाव्यातून लिलाधरने ओरडून विचारले.

“कोपऱ्याचा असन,” लाल वर्तुळातल्या सखाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही पाय आणखी आत घेतले.

रीनाने तीन वेळा समजावून सांगितले. दर वेळी माणसे अधिक ताठ उभी राहिली. “एवढं नाही नाही म्हनते,” तेजराम शेजाऱ्याला म्हणाले, “म्हंजे नक्की हाय.”

मुख्याध्यापक कृष्णराव आले आणि पोट धरून हसले. “काय हे लोकं! चुना दिसला का उभे!” मग तिला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पण खरंच मोजणी नाही न, मॅडम? असन त मले सांगून ठेवा. घर त आमचंबी बुडालं.”

तेवढ्यात भुपेंद्र सरांची मोटरसायकल फाटकातून आत आली. सरांच्या काखेत फाइल होती.

“साहेब आले!” तेजराम म्हणाले. उरलीसुरली शंका फिटली.

“हे पालक कशाला?” सरांनी विचारले.

“सर, मलाही नीट कळलं नाही. पण हटत नाहीत.”

“तास आठचा ना? आठ वाजले. सुरू करा.”

मुले कुंपणाशी, वर्तुळे भरलेली. रीनाने मनात भागाकार केला. मग प्रत्येक माणसामागे दोन-दोन मुले शिकवायला उभी केली. उरलेली दोघे मात्रा मोजणार. पहिली आठ वर्तुळे एक संघ, पुढची आठ दुसरा. तिने नियम सांगितला.

“बाहेर म्हंजे नंबर गेला?” तेजरामांचा आवाज बदलला होता.

“खेळातला नंबर, काका.”

‘खेळातला’ हा शब्द कुणाच्याही कानात शिरला नाही.

“आजी, नऊले हात बाजूले!” केशरबाईंची नात रुपा मागून दटावत होती. “टाळी वाजवशीन त पुन्हा नाल्याकाठी जाशीन!”

“मले माहीत हाय वं! तू मोज!”

पाच फेऱ्या झाल्या. सोळा माणसे, ऐंशी संधी. नवव्या मात्रेला टाळ्या शून्य. म्हणजे वर्तुळांत शून्य. खुर्चीवर रंगात आलेल्या भुपेंद्र सरांच्या चार झाल्या.

“साहेब बाहेर!” सखाबाईंनी निकाल दिला. सर निमूटपणे खुर्चीवरून उठले.

मग सरांनी मुलांना जागच्या जागी एकेक करून तपासले. चौतीसपैकी चुकली दोन. सरांनी फाइलमध्ये लिहिले, ‘पालकांचा सहभाग उत्तम. मुदतवाढ द्यावी.’ आणि विचारले, “हे जमवलं कसं तुम्ही?”

“अजून समजलं नाही, सर,” रीना म्हणाली. ते खरेच होते.

जाताना तिने सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितले, इथे प्लॉट नाहीत. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

सोमवारी सकाळी तिने मैदान मोजले. वर्तुळे सोळा. नव्याने ठोकलेल्या बांबूच्या खुंट्या सतरा. सतराव्या खुंटीला शाळेच्या खडूपेटीचा पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर वळणदार अक्षरात ‘कृष्णराव’ असे लिहिले होते. रीनाने टेप लावला. सोळाव्या वर्तुळाच्या मध्यापासून अंतर भरले एक मीटर पन्नास सेंटिमीटर.