चांदोबा डोंगराआड अडला

धाकटीचा जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आईने त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल काढला आणि घडी करून कपाटात ठेवला. बाबा थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "चांगला होता."

धाकटी आता फक्त नावाची धाकटी होती. केसांत चांदी डोकावू लागली होती, पण लहान मुलांसाठी हलती चित्रं करण्यात उभी हयात गेल्यामुळे ती मोठी झाल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आजवर ती दुसऱ्यांच्या फिल्ममधली झाडं नि ढग रंगवत आली. या वेळी पहिल्यांदाच अख्खी फिल्म तिच्याकडे आली होती, एका अंगाईची. अंगाई तिनेच रचली, आईने गायली:

डोंगराच्या पाठी कुणाची चाहूल,
हळूच पाऊल टाकी चंद्र.

चित्रं सगळी काढून झाली होती. आता कॉम्प्युटरने त्यांत उजेड-सावली भरून ती एकामागे एक ओवायची, एवढंच उरलं होतं. नेमका तेव्हाच त्याने मान टाकली. फिल्म करून घेणाऱ्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, "सोमवारी मिळाली नाही तर मला दुसरीकडे द्यावी लागेल हं."

"तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही," दादाने जाहीर केलं. दादा विम्याच्या कचेरीत होता आणि इतरांनी जोडलेले कॉम्प्युटर तासन् तास बघण्याचा त्याचा अभ्यास दांडगा होता. "सुटे भाग निवडायचे. तुझ्या कामाच्या मापाने शिवून घेतल्यासारखा झाला पाहिजे."

सुटे भाग निवडणं म्हणजे रुसक्या नातलगांना एका गाडीत कोंबणं, हे धाकटीला दुकानात कळलं. प्रोसेसर आवडला, तर तो या मदरबोर्डवर बसायला तयार नाही. मदरबोर्ड बदलला, तर त्याला जुनी मेमरी चालत नाही. ग्राफिक्स कार्ड तर इतकं लांब, की त्याला पाय पसरायला जागा कुठून द्यायची हाच प्रश्न.

"मला फक्त चित्रं हलवायची आहेत हो," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"काय हलतं त्यात?" दुकानदाराने विचारलं.

"चंद्र वर येतो."

"भरभर की सावकाश?"

"सावकाश. अंगाई आहे."

"मग प्रोसेसर भारीतलाच लागेल," दुकानदार गंभीर झाला. तिच्या फिल्मची आगाऊ मिळालेली बिदागी सावकाश वर येणाऱ्या चंद्राच्या पोटात गेली.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. दादा डोकं खुपसून स्क्रू पिळत होता आणि भाग हातात द्यायचं काम बाबांकडे होतं. बाबांकडे नवी वस्तू सोपवताना सहसा कुणाला काळजी नसे. या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक बाबा कुणाला काढू देत नसत. रिमोट पिशवीत, सोफा झबल्यात. भिंतीवरच्या घड्याळाची काचही पातळ कागदाआड होती, त्यामुळे घरात कायम धुक्यातले वाजत. "वस्तू कोरी राहते," बाबा म्हणत.

"बाबा, तो पंखा द्या. तांब्याच्या बुडाचा. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचाय, त्याला गार ठेवायला."

बाबांनी पंखा उलटासुलटा करून पाहिला, बूड अंगठ्याने मायेने दाबलं आणि दिला. दादाने न बघताच तो बसवून घट्ट आवळला.

कॉम्प्युटर सुरू झाला. आईने टाळ्या वाजवल्या. नदी वाहिली, झाडं डुलली, डोंगर निळा झाला. मग डोंगरामागून चंद्राचं कपाळ दिसलं, डोळे आले, नाक आलं, आणि पडद्यावर मिट्ट काळोख झाला.

"झोपला वाटतं," आई म्हणाली.

पुन्हा सुरू केला. कपाळ, डोळे, नाक, काळोख. तिथवरची साधी चित्रं तो हसत करी. पण चंद्र उगवताना धुकं होतं, पाण्यावर उजेड होता, पानापानावर चांदणं होतं. तिथे आलं की त्याचा जीव जाई.

"वीज कमी पडतेय," दादाने निदान केलं. "मोठा पॉवर सप्लाय आणू."

मोठा पॉवर सप्लाय आणला, तो कॅबिनेटमध्ये मावेना. मोठं कॅबिनेट आणलं, ते टेबलाखाली जाईना. टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या, तेव्हा धाकटीचे हात टेबलापर्यंत पोचेनात. मग ती खुर्चीवर दोन उशा घेऊन, पाय लोंबकळत बसली आणि खरोखरच सगळ्यांत धाकटी दिसू लागली.

कपाळ, डोळे, नाक. काळोख.

दादाने आत बोट लावून पाहिलं आणि किंचाळला. "तापलाय! पंखे वाढवू!"

कॅबिनेटमध्ये बसतील तेवढे पंखे बसवले. मग घरातले सगळे पंखे त्या खोलीत आले. विमान उडावं तसा आवाज सुरू झाला. चित्रांचे कागद घरभर उडू लागले, आई शाल गुंडाळून खाणाखुणांनी जेवायला बोलवू लागली. बाबा वर्तमानपत्राची घडी करून, कॅबिनेटशेजारी बसून स्वतःच्या हाताने वारा घालत होते. तापलेल्या लेकराच्या उशाशी बसावं, तसे.

"येतोय, येतोय!" ते पडद्याकडे बघत ओरडले. "नाक आलं!"

नाकाशीच काळोख झाला.

रविवारची दुपार झाली. धाकटी दोन उशांवर बसून डोळे पुसत होती. "बाईंना कळवते, जमत नाही म्हणून. आयुष्यात एक चंद्र माझ्या वाट्याला आला, तोही वर येईना."

सगळे पंखे बंद झाले. शांततेत बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असं रडू नये बाळा. निदान वस्तू तरी खराब झाल्या नाहीत. त्या पंख्याच्या बुडाचं प्लास्टिकसुद्धा मी तसंच राखलंय."

दादाने हळूच मान वळवली. "कुठलं प्लास्टिक?"

"पातळसं होतं. एक कोपरा सुटला होता, मी परत नीट चिकटवला."

"बाबा! त्याच्यावर 'बसवण्यापूर्वी काढा' असं ठळक लिहिलेलं असतं!"

"काढा असं सगळ्यांवरच लिहिलेलं असतं," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज अर्ध्यातच विरला.

दादाने पंखा उपसला. तांबं आणि प्रोसेसर यांच्यामध्ये ते प्लास्टिक वितळायच्या बेताला येऊन बसलं होतं आणि प्रोसेसरचा ताप तांब्यापर्यंत पोचूच देत नव्हतं. दादाने ते सोललं, पुसलं, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. कुणी बाबांना काही बोललं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

या वेळी नाकानंतर ओठ आले. हनुवटी आली. डोंगराच्या खांद्यावरून अख्खा चंद्र सुटून वर आला, आणि आईचाच आवाज ऐकून आईच्या डोळ्यांना पाणी आलं. धाकटीने फिल्म पाठवून दिली. बाबा मात्र बाहेरच्या खोलीत एकटेच होते. रिमोटची पिशवी त्यांनी उतरवली. सोफ्याचं झबलं काढलं. शेवटी घड्याळावरचा कागदही सोलला, आणि कित्येक वर्षांनी घरात स्वच्छ वाजले.

सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. धाकटीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"फार गोड झालीय हो! फक्त एकच. चंद्र पूर्ण वर आला की सगळीकडे लख्ख उजेड पडतो. बाळ झोपणार कसं? डोंगराआडून नाकापर्यंत दिसतो ना, तिथेच हळूच काळोख करा आणि संपवा. आज मिळेल का तेवढं?"

"मिळेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा होता. "तयारच आहे. पहिल्या दिवसापासून."

फोन बंद झाला. दादाने विटांवरच्या टेबलाकडे पाहिलं, आईने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

बाबा उठले. कोपऱ्यातल्या ढिगातून रिमोटची पिशवी शोधून काढली, झटकली आणि रिमोट तिच्यात अलगद सरकवला.

"म्हणजे राहू दिलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले, आणि घड्याळाचा कागद शोधू लागले.