फाटकावरचा फोटो

बायकोचे, म्हणजे सुजाताचे, मामा गेल्याची बातमी आली, तेव्हा अतुल मेश्राम सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. ताबडतोब मामांच्या गावी, कुम्हारीला निघायचं होतं.

"तो कॅमेरा घरीच ठेवा," सुजाता म्हणाली. "माणूस गेला आहे. आज तरी मालगाड्या पाहाच्या नाही."

"मले एवढं समजत नाही का?" अतुल म्हणाला, आणि ती चप्पल घालायला वळताच त्यानं कॅमेरा सदऱ्याच्या आत गळ्यात अडकवला. दुःख त्यालाही झालं होतं. बाबाराव मामा मालगाडीचे ड्रायव्हर होते, आणि जुन्या डिझेल इंजिनांबद्दल त्याच्याशी मनापासून बोलणारे साऱ्या नात्यात ते एकटेच. पण हल्ली सगळीकडे विजेची इंजिनं. एखादं जुनं डिझेल खडी-गिट्टीची गाडी ओढत कधी येईल, याचा नेम नसे. म्हणून कॅमेऱ्याशिवाय घराबाहेर पडायला त्याचा जीव धजत नसे.

कुम्हारीला पोचताच बाबारावांचे भाऊ देवीदास त्याच्या गळ्यात पडून रडले. रडता रडता थांबले.

"जवाई, हे पोटाले काय लागून राहिलं?"

"पट्टा आहे. कंबर धरली आहे ना."

"अरे बापा! तरी आले!" देवीदासांना पुन्हा भरून आलं. कंबर धरलेली असूनही जावई आला, ही गोष्ट अंगणभर झाली, आणि तिरडीचा पुढचा खांदा मानानं त्यालाच मिळाला.

स्मशान रुळांपलीकडे होतं. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत माणसं निघाली, आणि नेमकं रेल्वेचं फाटक पडलं.

"जिंदगीभर याच्या गाडीसाठी लोक थांबले," देवीदास डोळे पुसत म्हणाले. "आज हा थांबला."

तेवढ्यात दुरून धडधड ऐकू आली. विजेचं इंजिन असं खोकत नाही. अतुलनं मान वळवली. झाडांवर काळा धूर चढत होता, आणि धुराखाली रंग उडालेलं जुनं डिझेल गिट्टीची गाडी ओढत येत होतं.

"मोहित, जरा धर," तो मेहुण्याला म्हणाला.

"कमर में दर्द हो रहा क्या, जीजाजी?" मोहितनं झटकन खांदा दिला. तो चांगला उंच. तिरडी एका अंगानं वर गेली. "सांभाळा, सांभाळा" होईपर्यंत अतुलनं सदऱ्यातून कॅमेरा बाहेर काढला होता.

सगळे बघतच राहिले. मग कोणीतरी म्हणालं, "जवाई शेवटचा फोटो काढून राहिले. जवळ या सगळे." माणसं डोळे पुसून, सदरे नीट करून तिरडीभोवती दाटीनं उभी राहिली. बरोबर अतुल आणि रूळ यांच्या मधात.

"बाजूले व्हा!" अतुल ओरडला. "दिसून नाही राहिलं!"

"कावून? बाबाराव त दिसून राहिले ना?"

"बाबाराव नाही, इंजिन!"

शब्द सुटला तो सुटलाच. इंजिनानं लांब हॉर्न दिला, अतुलच्या बोटानं आपोआप बटण दाबलं, आणि मागचे डबे खडखडत निघून गेले. फाटक उघडलं. खांदा परत घ्यायला तो पुढं झाला, तेव्हा देवीदास शांतपणे म्हणाले, "राहू द्या. तुमची कंबर दुखते."

संध्याकाळी तो दाराशी अंग चोरून बसला होता. सुजाता त्याच्याकडे बघतही नव्हती. बाबारावांच्या पत्नी भागीरथा मामी दिवसभरात रडल्या नव्हत्या. त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"फोटो काढला म्हणते. दाखवा."

त्यानं कॅमेरा पुढं धरला. मधात बाबाराव, भोवती त्यांची माणसं, मागे धूर सोडणारं इंजिन, आणि त्याच्या खिडकीत हात जोडलेला ड्रायव्हर. असा फोटो त्यानं जन्मात काढला नव्हता, आणि याचीच त्याला लाज वाटत होती. मामी कितीतरी वेळ बघत राहिल्या. आता त्या हंबरडा फोडणार म्हणून बायका जवळ सरकल्या.

"चांगला आहे," मामी म्हणाल्या. "याच्यातलं इंजिन काढता येते का?"

"इंजिन?"

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ड्युटीवर गेले. लेकरं झाले, तवाही इंजिनावरच. आता तरी आमच्या मधात ते नको."

"निघते," तो म्हणाला. "काढतो."

"मामी, फोटोतलं निघन," सुजाता कोपऱ्यातून म्हणाली. "यांच्या डोक्यातलं कसं काढाचं, ते सांगा मले."

भागीरथा मामींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलले, तेव्हा बायकांना वाटलं, आलं रडू.

"मले जमलं असतं," पदराआडून त्या म्हणाल्या, "त तुले सांगतलं नसतं का, बाई?"