हलू नका, लग्न लागतंय!

"वहिनी, बाबा नागपुरात पलंगावर पडले असले तरी श्रियाचं लग्न मांडवात बसल्यासारखं पाहतीन! चित्र एकदाही अडलं तर नाव बदलतो!" लालबर्र्याच्या मंगल भवनात केदारनं छाती ठोकली.

बोलणारा ऐरागैरा नव्हता. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीचं अख्खं नेटवर्क केदार सांभाळायचा. त्याच्या वडिलांच्या, त्र्यंबकरावांच्या खुब्याचं चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. पहिल्या नातीचं लग्न हुकणार म्हणून ते लहान पोरासारखे रडले होते. म्हणून केदारनं मांडवात कॅमेरा लावून लग्न थेट नागपूरला दाखवायचं ठरवलं होतं.

"नेट म्हणजे नहर," त्यानं नवरीच्या आईला, अहिल्यावहिनींना समजावलं. "माणसं शांत बसली की चित्राले पाणी कमी लागते. हालली की ढसाढसा पिते! आपली नहर लहान, म्हणून सांभाळून सोडा लागते."

आधी त्यानं भवनाच्या वायफायचा पासवर्डच बदलला. दोनशे पाहुण्यांचे मोबाइल एकदम मुके!

मग वरात नाचत आली. लॅपटॉपवरची डेटाची रेघ मोहाच्या झाडावर माकड चढावं तशी सरसर चढली. नवरदेवाचं तोंड धुरकट!

"नाच बंद!"

मग मांडवातली झालर फडफडू लागली. "पंखे बंद!"

नवरदेवाचे वडील, प्रेमलालजी, बर्फाच्या लादीसारखे पाझरू लागले. "अजी, पंखे काहून बंद केले? आदमी उबलून राह्यले इथं!"

"पाचच मिनिटं, समधीजी! झालरीचा एकेक कागद डेटा खाऊन राह्यला!"

आणि मग केदारला अक्षता आठवल्या. दोनशे मुठी, हजारो दाणे, सगळे एकदम हवेत! त्यानं गुरुजींच्या हातातला माइक ओढला. "मंडळी, अक्षता मुठीतच धरा! कोणी हलू नका! बाबांसाठी!"

"भाऊजी, हे लग्न हाय का फोटो?" अहिल्यावहिनी कळवळल्या. पण त्र्यंबकरावांसाठी जीव टाकणारी माणसं ती! सगळी खांबासारखी उभी राहिली. गुरुजींनीही ओठ जेमतेम हलवत मंगलाष्टक म्हटलं. रेघ उन्हाळ्यातल्या वैनगंगेसारखी सपाट! शालूच्या जरीची तार अन् तार मोजून घ्यावी असं चित्र! केदारचा ऊर भरून आला.

तेवढ्यात नागपूरहून रूपालीचा फोन. बाबांजवळ त्याची ही चुलतबहीण बसली होती.

"दादा, चित्र अटकलं ना!"

"काय?"

"हौ! कोणीच हलून नाही राह्यलं! तीनदा बंद करून चालू केलं. काका रडून राह्यले!"

केदारनं फोन खिशात कोंबला. तो खुर्चीवर चढला अन् ओरडला, "हला! हला रे सारे! टाका अक्षता! पंखे लावा! नाचा!"

दाबून ठेवलेलं वऱ्हाड धरण फुटावं तसं उसळलं. अक्षतांचा मारा, बँडचा कडकडाट, घामानं भिजलेले प्रेमलालजी सगळ्यांत पुढं! लॅपटॉपवर चित्राचा दर्जा धाडधाड उतरला, नवरीचे चौकोनी तुकडे पडले, पण चित्र काही थांबलं नाही.

मांडव शांत झाल्यावर केदारनं फोन लावला. "बाबा, कसं दिसलं?"

"झकास रे पोरा!" त्र्यंबकराव पलंगावरूनच ओरडले. "सारी माणसं चौकोनी दिसली, पण जिती दिसली!"

सोमवारी कचेरीत केदारनं हा अभिप्राय मोठ्या अभिमानानं सगळ्यांना ऐकवला. म्हणजे, पहिला शब्द तेवढा.