एकशे चाळीस रुपयांचं घर

एप्रिलच्या भर दुपारी लीलाबाईंनी कूलरवरची जुनी चादर काढली, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटन दाबायला हात नेला. तेवढ्यात खाटेवर पडलेल्या देवाजींचा फोन वाजला. देवाजींनी चष्मा लावला, पडद्यावरचं वाचलं आणि ते ताडकन उठून बसले.

"थांब लीला! बटन दाबू नोको!"

"काऊन? करंट येऊन राहिला का?"

"करंट नाही, सातशे दहा रुपये येऊन राहिले."

देवाजी मेश्राम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. गोरेगाव–गोंदिया रस्त्यावर तीस वर्षं त्यांनी प्रत्येक प्रवाशाला तीन प्रश्न विचारले : कुठून आले, कुठं चालले, कायले चालले. पहिले दोन तिकिटासाठी लागत. तिसरा त्यांचा स्वतःचा होता. निवृत्तीनंतर तिकिटं संपली, पण तिसरा प्रश्न काही सुटला नाही.

फोनमधलं 'बचतदिवा' नावाचं ॲप नूतन सिस्टरनं टाकून दिलेलं होतं. देवाजींच्या दोन खोल्यांना लागून मागं तशाच दोन खोल्या भाड्यानं द्यायला बांधलेल्या होत्या. तिथं नूतन आणि तिचा नवरा राहत. दिवाळीत तिची चिचगडच्या दवाखान्यात बदली झाली आणि जाता जाता तिनं काकांवर हे उपकार केले. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक टाकायचा, घरात खोल्या किती, माणसं किती ते सांगायचं, की ॲप शेजारपाजारच्या बिलांशी तुलना करून दर महिन्याला बचतीचा सल्ला देत असे. हिवाळाभर देवाजींनी तो उघडून पाहिला नव्हता.

"तुमच्यासारख्याच, दोन खोल्या व दोन माणसांच्या एका जवळच्या घराने गेल्या महिन्यात तुमच्यापेक्षा सातशे दहा रुपये वाचवले," देवाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "तुम्हीही वाचवू शकता!"

"कोनतं घर जी ते?"

"तेच तं सांगून नाही राहिला हा."

"मंग राहू द्या. मी कूलर लावून राहिली."

"अगं, कूलर न लावता आपन सातशे दहानं मागं, अन् लावला तं कुठं जाऊ? तेही मानसंच आहेत ना? ते कसे राहून राहिले, हे पाहाले पाहिजे का नाही?"

लीलाबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला. नवऱ्याच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की उत्तर सापडेपर्यंत तो जेवणाकडेही नीट पाहत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत ते घर मले दाखवा. ते बिनाकूलरचं राहत असन, तं मीही राहीन. नाही सापडलं, तं कूलर रात्रंदिवस चालन अन् पानी तुमी भराल."

देवाजींनी लगेच कबूल केलं. त्यांचं स्वतःचं बिल साडेआठशे होतं. म्हणजे त्या घराचं एकशे चाळीस! उन्हाळ्याच्या तोंडी एकशे चाळीस रुपयांत घर चालवणारा हा महात्मा कोण असावा, या विचारानं त्यांना झोप लागेना. ही रक्कम मात्र त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. तपास करणाऱ्यानं थोडं हातचं राखावं, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीत निघाले. डायरी, पेन, चष्मा आणि टॉर्च ठेवायला चार खिसे हवे होते, म्हणून त्यांनी नोकरीतला खाकी शर्ट घातला. इथंच सगळं बिनसलं, पण ते कळायला चार दिवस जायचे होते.

पहिलं घर किराणावाल्या गुलाबचंदचं. देवाजींनी पायरीवर चढून, मीटरवर टॉर्च मारून आकडे डायरीत लिहून घेतले. गुलाबचंद गल्ला सोडून धावत आला.

"क्या हुआ देवाजीभाऊ? कोई शिकायत है क्या?"

"नाही जी. बिल किती येते तुमचं?"

"अरे, सब नियम से है भाऊ. आप तो घर के आदमी हो. चाय लेंगे?"

चहा झाला, पण बिल काही कळलं नाही. पुढच्या घरी मंदाबाई होत्या. त्यांनी "मालक नाही घरी" म्हणून दारच लावून घेतलं. त्यांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती. देवाजींनी तेही डायरीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली की वीज ऑफिसनं निवृत्त लोकांना चोरी पकडायच्या कामावर घेतलंय. संध्याकाळी बातमी मोठी झाली. देवाजी फक्त नावं लिहून राहिलेत, खरी धाड नागपूरहून येणार आहे, सोबत गाडी आहे आणि गाडीत पोलीस आहेत, असं लोक बोलू लागले. अंधार पडायच्या आत बांबू बाहेर निघाले आणि खांबावरच्या तारांना लटकलेले वीजचोरीचे आकडे एकेक करून खाली उतरले. सकाळी त्या तारांवर फक्त चिमण्या बसल्या होत्या.

देवाजींना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की लोक एकाएकी फार प्रेमानं वागू लागलेत. गुलाबचंदनं पिशवीभर चिन्नोर तांदूळ पाठवला. कधी रामराम न करणारा छोटेलाल पळसाच्या पानांत पिकलेली टेंभरं घेऊन आला आणि, "देवाजीभाऊ, आपलं नाव शेवटी लिहा," असं म्हणून निघून गेला.

"लीला, लोकं काऊन एवढे चांगले वागून राहिले?"

"तुमाले खाकी शोभते म्हनून," लीलाबाई म्हणाल्या. त्यांचं चित्त थाऱ्यावर होतं, कारण दुपारच्या झोपेची सोय त्यांनी परस्पर लावली होती. जेवणं झाली की निवडायची डाळ सुपात घेऊन त्या मंदाबाईंकडे जात आणि त्यांच्या कूलरसमोर चार वाजेपर्यंत आडव्या होत. रोज तीच डाळ जाई आणि तीच परत येई.

चौथ्या दिवशी त्या डाळ घेऊन गेल्या, तर मंदाबाई ओल्या गोणपाटावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या.

"माय! कूलर काऊन बंद?"

"तुह्या मानसाले विचार ना! खाकी घालून मीटर पाहाले आला होता. मी तेच दिवशी वरची तार काढली. दोन दिवस मीटरवर चालवला, पन रोज चालवाले मी काय सावकार आहो?"

लीलाबाई डाळीसकट घरी परतल्या. गल्लीत एकही कूलर घरघरत नव्हता. ज्यांची वीज सरळ होती, त्यांनीही उगाच संशय नको म्हणून बंद ठेवले होते. घरात देवाजी डायरीतल्या एकवीस घरांवर फुल्या मारीत बसले होते. लीलाबाईंनी सूप त्यांच्यासमोर आदळलं.

"अख्खी गल्ली भाजून काढली तुमी! मानसं तुमाले धाडवाला समजून राहिले!"

देवाजींचा हात थांबला. चहा, तांदूळ, टेंभरं, मंदाबाईंचे अकरा वर्षांपूर्वी गेलेले मालक, साऱ्या प्रश्नचिन्हांची उत्तरं एकदम मिळाली आणि त्यांना शरमेनं मान वर करवेना.

"मले काय मालूम... मी तं फक्त ते घर पाहून राहिलो होतो."

"असं काय आहे जी त्या घरात? बिल तरी किती येते त्याचं?"

देवाजींनी इकडंतिकडं पाहिलं. "एकशे चाळीस," ते हळूच म्हणाले.

लीलाबाई आत गेल्या, तिखटाच्या डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"वाचा."

वीजबिल होतं. रक्कम एकशे चाळीस. ग्राहकाचं नाव देवाजी मेश्राम.

"मागच्या खोल्यायचं आहे," लीलाबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून बंद आहेत तं तेवढंच येते. मी भाजीच्या पैशातून भरून राहिली. तुमी कधी विचारलंच नाही."

दोघं मागच्या दारी गेली. कढीपत्त्याच्या झाडामागं, जाळ्यांनी भरलेलं मीटर होतं. दाराला कुलूप होतं. बचतीचा तो महात्मा म्हणजे देवाजींच्याच दोन रिकाम्या खोल्या होत्या.

"पन दोन मानसं राहतात म्हनते ना हा?"

"नूतननं या खोल्यायचं तिच्या फोनात लिहून ठेवलं असन. ते गेले, हे त्या ॲपाले कोन सांगन?"

देवाजींनी संध्याकाळी घरोघरी जाऊन, शर्ट साधा घालून, खरं काय ते सांगितलं. गुलाबचंदनं तांदूळ परत घेतला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. तारांवर चिमण्या आणखी महिनाभर बसल्या.

"घर दाखवलं मी," देवाजी म्हणाले. "आठ दिवसांच्या आत."

"दाखवलं ना. एवढं शहानं घर आहे तं कूलर त्याच्याकडेच राहाले पाठवू."

आणि तसंच झालं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला खिडकी होती. कूलर मागच्या खोलीत, त्याची पिन मागच्या खोलीत, हवा मात्र पुढं. पाणी देवाजींनी भरलं.

महिन्यानं दुपारी फोन वाजला. "अभिनंदन! तुम्ही तुमच्यासारख्या घरापेक्षा सहाशे चाळीस रुपये वाचवले!" देवाजींनी ते दोनदा वाचलं. दोन्ही बिलं आपल्याच खिशातून गेली, हे त्यांना ठाऊक होतं, तरीही छाती फुगायची ती फुगलीच.

अभिमान ओसरतो न ओसरतो तोच पुन्हा फोन वाजला. या वेळी चिचगडहून नूतन होती.

"जय भीम काका! एक विचारायचं होतं. दिवाळीपासून मले दर महिन्याले अभिनंदन येऊन राहिलं होतं. मी ह्यांना म्हणत होती, पाहा माझी काटकसर! अन् आता म्हणते, तुमच्यासारख्या घराने सहाशे चाळीस वाचवले. काका, मी फ्रिज बंद केला, ह्यांना बिनापंख्याचं झोपवून राहिली. ॲपवर माझा पत्ता अजून तिकडचाच आहे, म्हणजे ते जवळचं घर तुमच्याच गल्लीतलं. तुम्ही तर गल्लीतले सारे मीटर पाहिले म्हणे. कोणतं घर असेल हो ते?"

देवाजींची तीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेली होती, उत्तर द्यायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी फोनवर हात ठेवून बायकोकडं पाहिलं.

लीलाबाई खिडकीखाली, गार हवेत, डोळे मिटून पडल्या होत्या.

"तिले म्हना, आधी नवऱ्याचा पंखा लाव," त्या म्हणाल्या. "अन् सुटी काढून इकडं ये म्हना. तिच्या घरी कूलर लावला आहे."