उलट चालणारं काइनेसिन

"या आठवड्यात मी असं काही करून दाखवते की पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील!" सोमवारी सकाळी धांदलने प्रयोगशाळेत जाहीर करून टाकलं.

तिचं खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. जी बाई दोन्ही हातांत सामान घेऊन दार कपाळाने ढकलते, तिला लोक दुसरं काय म्हणणार?

धांदलचा विषय तसा सोपा. आपल्या प्रत्येक पेशीत बारीक नळ्यांचे रस्ते असतात आणि त्यांच्यावरून काइनेसिन नावाचं प्रथिन दोन पायांनी चालतं. अगदी खरोखर चालतं! डोक्यावर स्वतःपेक्षा कितीतरी मोठं गाठोडं, एक पाय कायम रस्त्याला चिकटलेला आणि दर पावलाला इंधनाचा एकच घास. धांदलचं काइनेसिन माल नेणार तो पेशीच्या मध्यापासून बाहेर, काठाकडे. बाहेरचा माल आत आणायला डायनिन नावाचं दुसरं प्रथिन. कामाची वाटणी ठरलेली, कटकट नाही. घरोघरी असं असतं तर!

तिने काचेवर नळ्या चिकटवल्या, त्यांचं काठाकडचं टोक ओळखू यावं म्हणून लाल रंगवलं, काइनेसिनला चमकणारा रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकातून एकामागून एक पाचशे फोटो काढले. बुधवारी ते घाईघाईने जोडून फिल्म लावली. बघते तर काय! काइनेसिन लाल टोकापासून निघालं आणि ऐटीत भलत्याच दिशेला चालू लागलं!

"सर! आपलं काइनेसिन उलट चालतंय!"

सर म्हणजे विभागप्रमुख. शंका घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

"तूच काहीतरी उलटं केलं असशील. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. उलट! तिसऱ्यांदा केलं. उलटच!

मग मात्र सर असे पेटले की धांदल परवडली. "मानेत आहे सगळी गंमत! मानेला पीळ पडला की पाऊल मागे पडणार!" हे नीट समजून घ्यायला त्यांनी हातमोज्यांचं खोकं डोक्यावर घेतलं, मान पिळली आणि ते लांबलचक व्हरांड्यात उलट पावलांनी चालू लागले. "असा डावा... मग असा उजवा..." तिसऱ्या पावलाला ते थेट संचालकांच्या पोटावर आदळले. खोकं फुटलं. चारशे हातमोजे व्हरांडाभर पसरले.

"हा काय प्रकार आहे?" संचालक गरजले.

"शोध लागलाय!" सर जमिनीवरूनच म्हणाले.

इतका मोठा माणूस आडवा पडूनही आपलं म्हणणं सोडत नाही, म्हणजे त्यात तथ्य असणारच! संचालकांनी शुक्रवारी चार वाजता मोठ्या सभागृहात सगळ्या विभागांना बोलावलं.

घरी धांदलला सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं झालं तरी काय?"

"आई, पेशीतला हमाल उलट चालायला लागलाय."

"अगंबाई! मग आता माल कोण पोचवणार?"

रात्रीच्या जेवणाआधी इमारतीच्या चारही मजल्यांवर बातमी गेली. तळमजल्यावरच्या शिंप्याने घाबरून विचारलं, "जिवाला धोका नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, "असला तरी आमची सून बघून घेईल!"

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. तिसऱ्या रांगेत सासूबाई, आणि त्यांच्यासोबत दोन मजल्यांच्या शेजारणी. दिवे मालवले. पडद्यावर काइनेसिन हत्तीएवढं दिसू लागलं आणि डुलत डुलत उलट निघालं. टाळ्या! सरांनी पिळाचा सिद्धांत मांडला. पुन्हा टाळ्या!

तेवढ्यात मागून सूक्ष्मदर्शक सांभाळणारे काका उभे राहिले. वीस वर्षं त्या यंत्रापाशी काढलेला साधा, सरळ माणूस.

"मॅडम, हा चमकणारा रंग कुठून मागवलात? आपला रंग प्रकाश पडला की विझत जातो. हा तर उजळत चाललाय! आपणही हाच घेऊ या की!"

"वा!" संचालक उठून उभेच राहिले. "म्हणजे एकाच फिल्ममध्ये दोन शोध!"

टाळ्यांनी छत हाललं. धांदलने मात्र पडद्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. रंग कधी उजळत नाही. उजळतो तो एकाच वेळी, शेवट आधी दाखवला तर! संगणकावरची फोटोंची यादी तिच्या डोळ्यांपुढे आली. सर्वांत नवा फोटो सर्वांत वर. तिन्ही वेळा तिने ती यादी जशीच्या तशी उचलून जोडली होती!

गप्प बसावं का? एक क्षण मोह झाला. पण सर पुढच्या रांगेत त्या सिद्धांतावर पुस्तक लिहायच्या गोष्टी करत होते.

"थांबा!" ती ओरडली. "काइनेसिन उलट नाही. फिल्म उलटी आहे!"

 तिने यादी उलटी फिरवून फिल्म पुन्हा लावली. काइनेसिन लाल टोकाकडे निमूट चालत गेलं, बिचारं, रोज जातं तसंच. जाता जाता विझतही गेलं.

संचालक म्हणाले, "बाहेर चहा आहे," आणि स्वतः चहा न घेताच गेले. सर मान चोळत बसले. तिला पीळ मात्र खरोखरच पडला होता.

बाहेर सासूबाई वाट बघत होत्या.

"अगं, चार मजले सांगत फिरले मी, उलट चालतं म्हणून! आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"चुकलं, आई. ते सरळच चालतं."

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या घराकडे निघाल्या.

"मग काय बिघडलं? सांगते, सुनेने दोन दिवसांत त्याला वळणावर आणलं!"