तेवीस बंद पाकिटं

आमच्या स्प्रूस फॉल्स गावी चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळतात. मासे, उकडलेले बटाटे, कोबीची कोशिंबीर, आणि ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांच्यासाठी राय धान्याचा कडक पाव. गेल्या ऑक्टोबरातल्या अशाच एका शुक्रवारी, जेवणं आटोपल्यावर, राज्याच्या लोकशाहीचा पाया हादरला. विधानसभेच्या चौकशी समितीने तसं अहवालात पहिल्याच पानावर नोंदवलं आहे. त्या वेळी तळघरात हजर असलेल्या कुणालाही हादरा जाणवला नाही. लिंबं संपली होती, तेवढीच काय ती तक्रार.

झालं असं, की हिवाळ्यात आमच्याकडे रस्त्यावर बर्फ असतो आणि म्हाताऱ्यांची हाडं काचेची असतात. म्हणून तेवीस जणांनी टपालाने मत द्यायचं ठरवलं. टेबल पुसून सगळे ओळीने बसले. वयाचा मान म्हणून पेन आधी थोरा एंगेब्रेट यांच्या हातात दिलं. थोराआजी नव्वदीला टेकलेल्या, खुबा मोडलेला, चाकाच्या खुर्चीत. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, वर सही, आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख.

आता, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याच्या खिडकीत, औषधांच्या दुकानात, चष्मेवाल्याकडे, कुठेही 'कशा आहात' विचारायच्या आधी जन्मतारीख विचारतात. तारखेची रिकामी रेघ दिसली की हात आपोआप चालतो. आजींनी लिहिलं, नोव्हेंबर १९३४. शेजारणीने त्यांचं बघून स्वतःची लिहिली, तिचं बघून पुढच्याने. अशी तेवीस पाकिटं तेवीस वाढदिवस घेऊन टपालपेटीत पडली.

एरवी कुणी बघितलंही नसतं. पण आमच्या मतदारसंघात ड्वेन कोलस्टाड आणि रेनाटा पिलार्स्की या दोघांना नेमकी सारखी मतं पडली. त्यात सभागृहात दोन्ही पक्षांचे आमदारही सारखेच. म्हणजे आमच्या जागेवर जो बसेल त्याच्या पक्षाचं राज्य, त्याच्या पक्षाचा सभापती, आणि इमारतीच्या दारालगतच्या गाड्या लावायच्या जागाही त्याच्याच पक्षाच्या. अशा बरोबरीत नाणं उडवावं, असं आमचा कायदा सांगतो. समितीने तेही मनावर घेतलं. पण नाणं कुणी उडवायचं यावर मतदान झालं आणि तिथेही बरोबरी झाली.

उरली तारखेमुळे मोजणीतून वगळलेली तेवीस पाकिटं. ती बंद होती. आत कुणाला मत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तत्त्व ठरवणं फार अवघड झालं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा अंदाज असा, की चर्चमधली मंडळी म्हणजे कोलस्टाडचीच. तेव्हा कोलस्टाड समितीपुढे गहिवरून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, लोकशाही माणसं मोजते, पेनाच्या चुका नाही मोजत!" त्यावर पिलार्स्कीबाई उठल्या. "हे पहिलंच मत १९३४ सालचं आहे. तेव्हा माझे प्रतिस्पर्धी सोडाच, त्यांचे वडीलही रांगत होते. कायदा म्हणजे कायदा!"

दुसऱ्या आठवड्यात बातमी आली, की त्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कागद गिरणीतले निवृत्त कामगार बसले होते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पिलार्स्कीबाईंच्या पक्षाचे. झालं, तत्त्वं फिरली. नवीन भाषणं लिहायला वेळ नव्हता, म्हणून दोघांनी मधल्या सुट्टीत एकमेकांची भाषणं बदलून घेतली. पिलार्स्कीबाई लोकशाही माणसं मोजते असं म्हणताना गहिवरल्या, तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर कोलस्टाडांच्या कॉफीचा डाग होता.

मग एका चौकस सदस्याच्या लक्षात आलं, की १९३४ च्या नोव्हेंबरातही निवडणूक झाली होती. हे त्या निवडणुकीचं तर मत नाही, उशिरा पोचलेलं? आमचा टपालवाला ऑझी याला साक्षीला बोलावलं.

"एवढा उशीर होऊ शकतो का?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

ऑझीने टोपी काढून विचार केला. "माझ्या रस्त्यावर नाही होणार साहेब. दुसऱ्यांचं मी काय सांगू?"

समितीने ही शक्यता नाकारता येत नाही असा शेरा मारला, आणि तेवीसही मतदारांनी राजधानीत जातीने हजर राहून आपण मतदानाला येऊ शकत नव्हतो हे सिद्ध करावं, असा हुकूम काढला.

हुकूम आला तेव्हा थोराआजींची सून मार्लिस चिडून लाल झाली. "एवढ्या बर्फातून? आई, कुठे जात नाही आपण. खुर्ची घसरली तर?"

"गाडी काढ," आजी म्हणाल्या. "एकविसाव्या वर्षापासून एक निवडणूक चुकवलेली नाही मी. पुढच्या खेपेला असेन नसेन. हे शेवटचं आहे, ते मोजल्याशिवाय राहता कामा नये."

बाकीचे बावीस घरीच राहिले. आजी तेवढ्या राजधानीला गेल्या.

"नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोरा एंगेब्रेट."

"जन्मतारीख?"

"तुमच्या हातातल्या पाकिटावर आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी ते कामकाजातून काढून टाकलं.

"या पाकिटावर सही तुम्ही केलीत? तारीख तर १९३४ ची दिसते."

"अहो, तेव्हा मला सही कुठे येत होती?"

"म्हणजे सही दुसऱ्या कुणी केली?"

"मीच केली. ऑक्टोबरात. मासे खाऊन."

"बरं. मग टपालाने का? मतदान केंद्रावर का नाही आलात?"

"खुबा मोडलाय. येता येत नाही."

"पण आज आलात."

"तुम्ही बोलावलंत म्हणून आले!"

"म्हणजे बोलावलं की येता येतं," अध्यक्ष हळूच म्हणाले, आणि लेखनिकाला सांगू लागले. "साक्षीदार येऊ शकतात, सबब टपाली मताला कारण नव्हतं. उरलेले बावीस आले नाहीत, सबब त्यांचं कारण सांगायला कुणी नाही."

मार्लिस उठून अध्यक्षांशी तावातावाने भांडली, पण नोंद बदलली नाही. बाहेरच्या व्हरांड्यात कोलस्टाड आजींच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "थोरामावशी, ओळखलंत ना? ड्वेन."

"चर्चच्या रविवारच्या शाळेत तुझं नाक पुसायचे रे मी. ओळखेन नाही तर काय!"

"मग एक सांगा. नाव नका घेऊ, कायदा आहे. नुसती मान हलवा. मत मलाच ना?"

"आणि हलवली तर?"

"तर मला तुमच्या मताचं रक्षण करता येईल."

"आणि नाही हलवली तर?"

"तर मग," कोलस्टाड उभे राहत म्हणाले, "कायद्याचं रक्षण करावं लागेल."

आजींनी मान अशी ताठ धरली, की मार्लिसला वाटलं आता मानेचंही हाड जातंय. तेवढ्यात पिलार्स्कीबाई धावत आल्या. "आजी, याच्या नादी लागू नका हं. नुसता स्वार्थ!"

"आणि तुला काय हवंय?"

"मलाही तेच विचारायचंय. पण मी तुमच्यासाठी कॉफी आणलीय."

आजींनी कॉफी घेतली. रिकामा पेला परत दिला.

परतीच्या वाटेवर बर्फ इतका, की पुढची गाडी दिसेना. मार्लिसने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "आई, आता आपण दोघीच आहोत. मला तरी सांगा ना, कुणाला दिलंत?"

"तू कशाला विचारतेस?"

"अहो, सहज."

"मघाशी अध्यक्षांशी माझ्या बाजूने भांडत होतीस. चांगलं भांडलीस. आता तसंच राहू दे."

मार्लिसने काच पुसणारे दांडे जोरात चालू केले.

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला त्या आठवड्यात थोराआजी झोपेतच गेल्या. अंत्यविधीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरातच होतं. दोन्ही उमेदवार आले, दोघेही रडले, आणि खरंच रडले, मी बघितलंय. कोलस्टाडांनी शवपेटीला खांदा दिला, पिलार्स्कीबाईंनी भांडी घासली. कुणाचा काही आक्षेप नव्हता.

सोमवारी सभागृहात ठराव आला: मेलेल्या माणसाचं मत मोजता येणार नाही. अख्ख्या अधिवेशनात एकमताने मंजूर झालेला तो एकमेव ठराव.

मार्लिस प्रेक्षकांत उभी राहून ओरडली, "अहो, मत दिलं तेव्हा जिवंत होत्या त्या! तुमच्यासमोर येऊन बसल्या होत्या!"

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, समितीला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण ते सिद्ध करायला त्यांना स्वतः हजर राहावं लागेल."

पाकीट फोडलं नाही. शिक्का मारून परत कपाटात ठेवलं. उरलेल्या बावीस पाकिटांवर निर्णय प्रलंबित आहे, आणि त्या बावीस जणांच्या प्रकृतीकडे समितीचं लक्ष आहे.

आजींनी मत कुणाला दिलं होतं, ते मलाही माहीत नाही. तुम्ही मात्र बऱ्याच वेळापासून तेच शोधताय. कोलस्टाडचा पक्ष कुठला, बाईंचा कुठला, म्हातारी आपल्यातली की त्यांच्यातली. ते कळल्यावरच तिच्यासाठी हळहळायचं की नाही हे ठरणार असेल, तर अर्ज करा. आमच्या सभागृहात एक जागा अजून रिकामी आहे.