काचेवर काढलेला पर्गोला

आधीच सांगून ठेवतो, या सगळ्या प्रकरणात माझी काडीचीही चूक नाही. (बायको म्हणते, हे वाक्य मी लग्नापासून वापरतोय. असेल. पण लग्नापासून माझी चूक होतच नसेल, तर त्याला मी काय करू?)

सुरुवात झाली शब्दकोड्यापासून. रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय, पहिल्या आडव्या शब्दापासून शेवटच्या उभ्या शब्दापर्यंत सोडवायचं, एवढीच माझी आता आयुष्याकडून अपेक्षा उरली आहे. बढती नको, मानसन्मान नको. (तसं कुणी देऊही करत नाही म्हणा.) आठवडाभर ऑफिसच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये दुसऱ्यांनी हरवलेल्या फायली शोधायच्या आणि रविवारी सकाळी बागेत खुर्ची टाकून कोडं घेऊन बसायचं. यात कुणाचं काय जातं? पण आमच्या बागेला एक शेजारी आहे.

हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या दोन बागांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावर दोन्ही कोपरं टेकून उभं राहणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम. घरात आम्ही त्यांना 'रेडिओ' म्हणतो. फरक इतकाच की, यांना बंद करायचं बटण नाही.

मी पेनाचं टोपण काढायचा अवकाश, की भिंतीवरून आवाज.

"आडवा तीन 'गलबत' आहे, बरं का!"

"मी अजून वाचलंसुद्धा नाही."

"वाचायचंय कशाला? गलबतच. आमच्याकडे पेपर तुमच्याआधी येतो."

एका रविवारी तर कहर झाला. 'उभा अकरा' मी दहा मिनिटं डोकं खाजवून जवळजवळ पकडला होता. जिभेवर होता हो, अगदी जिभेच्या टोकावर! तेवढ्यात पलीकडून "काटकोन!" मी पेपर उचलला, खुर्ची उचलली, तरातरा घरात आलो आणि जाहीर केलं, "मी बागेत खोली बांधणार आहे. चारी बाजूंनी बंद."

"कुणाला कोंडायला?" बायकोने विचारलं.

"स्वतःला."

"बांधा," ती म्हणाली. इतकी झटपट परवानगी मला सत्तावीस वर्षांत मिळाली नव्हती.

मुलीने मोबाइलमधून मान वर केली. "बाबा, खोली काय खोली! पर्गोला करा. एनक्लोज्ड पर्गोला."

"मराठीत सांग."

"मांडव हो. चार खांब, वर आडव्या पट्ट्या, त्यावर वेल. एनक्लोज्ड म्हणजे बाजूंनीही बंद. काच लावा, फळ्या लावा, जाळी लावा. थांबा, डिझाइन्स दाखवते."

तिने दाखवलेल्या डिझाइन्सचा आकडा मी शेवटी मोजायचा सोडला. एकात शेकोटी होती, एकात कारंजं होतं. एकात तर झुंबर होतं. झुंबराखाली मी बनियनवर बसून कोडं सोडवतोय, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि मोबाइल परत केला. शिवाय निवडताना जो तो आपलंच घोडं दामटत होता. मुलीला आत प्लग पॉइंट हवा होता, तिच्या मीटिंगसाठी. बायकोला कपडे वाळत घालायच्या दोरीला एक भक्कम खांब हवा होता. कोड्याचा आणि माझा या चर्चेत कुठेही उल्लेख नव्हता!

शेवटी मी स्वतः डिझाइन काढायला बसलो. पहिला कागद बघून बायको म्हणाली, "खुराडं छान आहे. पण कोंबड्या कुठून आणणार?" दुसरा बघून मुलीने विचारलं, "बाबा, ही लिफ्ट वर जाणारी की खाली येणारी?" तिसरा कागद मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. परत येईपर्यंत त्याच्या पाठीवर साबण, चहापत्ती आणि खराटा अशी यादी झाली होती. याला काय म्हणायचं? मायकेल... जाऊ द्या, कुठल्याही मोठ्या कलावंताच्या घरी हे असंच होत असणार.

आणि मग मला ती कल्पना सुचली. (इथून पुढे बायको म्हणते, "हं, आता ऐका.")

आमच्या हॉलला बागेच्या बाजूने मोठी, एकसंध काचेची खिडकी आहे. मी हॉलमध्ये एका फरशीवर पाय जुळवून उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि मुलीचा काळा मार्कर घेऊन सरळ काचेवरच पर्गोला काढला. असा की, बघणाऱ्याला तो बागेतच उभा आहे असं वाटावं. डाव्या कोपऱ्यात, झाडाखाली, रेडिओच्या भिंतीला लागून. डावीकडे, म्हणजे रेडिओच्या तोंडासमोर, वरपासून खालपर्यंत सबंध फळ्या. फटसुद्धा नाही. मागेही फळ्या. उजवीकडे, आमच्या पायवाटेच्या बाजूला, काच आणि सरकता दरवाजा. समोर जाळी, म्हणजे घरातून चहा येताना लांबूनच दिसावा. प्रत्येक भागाला बाण काढून ठळक नावं लिहिली. नेमक्या जागेवर चार खुंट्याही मी स्वतः ठोकल्या. (तीन. चौथी ठोकताना अंगठा मधे आला, ती मुलीने ठोकली.)

इतकं जिवंत डिझाइन जगात कुणी काढलं नसेल. मी मागे सरून बघत राहिलो. माझे डोळे भरून आले.

"काच कोण पुसणार?" बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. शांत माणूस, कानावर पेन्सिल, बगलेत वही. चपला काढूनही त्याच्या पायांना बागेतला चिखल होता आणि बायकोने नुकतीच फरशी पुसली होती. ती दारातूनच म्हणाली, "मिस्त्री, आत नका येऊ. बाहेरूनच बघा. काच आहे ती, आरपार दिसतं."

तर तो बाहेर, मी आत, मधे पर्गोला. तो काचेकडे तोंड करून वहीत एकेक रेघ उतरवू लागला आणि मी आतून मान डोलवू लागलो. मधेच त्याने खिडकीच्या बाजूचं छोटं तावदान वाजवलं. मी उघडलं.

"साहेब, दरवाजाचं जरा..."

"चित्रात आहे."

"ते आहे हो. पण माणूस शिरणार..."

"मिस्त्री, तीन आठवडे मी सूचना ऐकतोय. आता बस! चित्रात आहे तसं करायचं. डोकं चालवायचं नाही." मग मी घराकडे वळून आवाज चढवला, "आणि काम पुरं होईपर्यंत घरातल्यांनी कुणीही एक अक्षर बोलायचं नाही! मी स्वतःसुद्धा बागेकडे बघणार नाही. रविवारी एकदमच बघणार." आणि सर्रकन पडदा ओढून घेतला.

सहा दिवस मी तो पडदा पाळला. ठोकाठोकी ऐकली, रंधा ऐकला, पण डोकावलो नाही. मंगळवारी बायको म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"पर्गोल्याबद्दल?"

"हो."

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन हसली. मी ते कौतुकाचं हसू समजलो.

शुक्रवारी ऑफिसला निघताना फाटकापाशी रेडिओ भेटले. माझा हात दोन्ही हातांत धरला. आवाज जड झालेला. "तुमच्या मनात एवढं असेल, असं कधी वाटलं नव्हतं हो."

मला वाटलं, फळ्यांची भिंत मनाला लागली बिचाऱ्याच्या. मी म्हटलं, "काय करणार, कधी ना कधी हे करायलाच हवं होतं."

"खरंय," ते म्हणाले आणि डोळे पुसत घरात गेले. त्या दिवशी ऑफिसात मला थोडं अपराधी वाटलं. (चहा येईपर्यंत.)

रविवार उजाडला. मी दाढी केली, नवं पेन घेतलं, पुरवणीची नीट घडी घातली आणि बायको-मुलीला उभं करून पडदा बाजूला केला.

पर्गोला सुंदर होता. माझ्या चित्रासारखाच, अगदी तंतोतंत. फक्त उलटा. आमच्या पायवाटेच्या बाजूला वरपासून खालपर्यंत फळ्या, फटसुद्धा नाही. काच आणि दरवाजा पलीकडे, रेडिओच्या भिंतीसमोर. आणि समोरच्या जाळीतून आत वेताच्या खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर वाचत बसलेले दिसले ते खुद्द रेडिओ. त्यांनी मला हात केला.

मी सुताराला फोन लावला. "मिस्त्री! फळ्यांची भिंत डावीकडे होती!"

"नाही साहेब, उजवीकडे. वही समोरच आहे."

"अहो, तुम्ही बाहेरून बघत होता! काचेच्या मागून! मग वळून बागेकडे तोंड केलंत आणि वहीत बघून बांधलंत! तुमचं उजवं ते माझं डावं नाही का?"

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "असं होय," तो म्हणाला.

"आणि नावं लिहिली होती ना मी? एवढी ठळक?"

"ती काही लागली नाहीत. म्हटलं, साहेबांचं अक्षर असेल."

"पण भिंतीला चिकटून दरवाजा कोण करतं?"

"तेच तर मी विचारत होतो. तुम्ही म्हणालात, डोकं चालवू नका." मग वर म्हणाला, "आणि मला वाटलं, दोन घरांत घरोबा असेल. हल्ली असं बघायला मिळत नाही. मी तर घरी जाऊन सांगितलं."

"ती फळ्यांची भिंत काढा आणि तिथे दरवाजा करा."

"वरचा सगळा भार तिच्यावरच घेतलाय साहेब. काढली तर मांडव बसेल."

"किती?"

"सगळा."

मी बायकोकडे वळलो. "हे उलटं होतंय, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना. मंगळवारीच."

"मग?"

"एक अक्षर बोलायचं नव्हतं." तिने पडद्याची घडी नीट केली. "आणि खरं सांगू? मला आवडलंय. पूर्वी स्वयंपाकघरातून तुम्ही दिसायचात. आता छान फळ्या दिसतात. मी वेलही लावलेत."

मी म्हटलं, माझा पर्गोला आहे, मी माझ्या बागेतूनच आत शिरणार! दरवाजा आणि भिंत यांच्यामध्ये दीड वितीची फट होती. मी आडवा होऊन तिच्यात घुसलो. खांदा गेला. एक पाय गेला. मग पोट आलं.

"श्वास सोडा!" आतून रेडिओ ओरडले. "नाही नाही, आधी घ्या, मग सोडा! मान डावीकडे!"

"कुणाची डावीकडे?" मागून मुलगी म्हणाली. (या घरात सहानुभूती म्हणून नाहीच.)

बायकोने हात धरून ओढलं, तेव्हा मी सुटलो. शर्टाची दोन बटणं आतच राहिली. रेडिओंनी ती जाळीतून परत केली आणि म्हणाले, "अहो, एवढा त्रास कशाला? आमच्याकडून या ना."

तर आता मार्ग असा: आमच्या फाटकातून बाहेर, रस्त्याने वळसा, त्यांचं फाटक, त्यांची बेल, त्यांचा व्हरांडा, त्यांची बाग, भिंतीला लावून रचलेल्या दोन विटांवर चढायचं, भिंत ओलांडायची आणि थेट सरकत्या दारातून आत. पूर्वी माझ्या दारापासून झाडापर्यंत एकोणीस पावलं होती. आता एकशे चाळीस आणि एक बेल. मी धापा टाकत भिंतीवर एक पाय टाकला, तर हा माणूस माझ्या पर्गोल्यात बसून मला म्हणतो, "या, या. संकोच करू नका. आपलंच समजा!"

आपलंच समजा! मला!

मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. (खुर्च्या त्यांच्याच.) पुरवणी उघडली. तेवढ्यात त्यांनी आपली पुढे केली. सगळं कोडं सुटलेलं, शाईने, मुख्याध्यापकी अक्षरात. "एक तुमच्यासाठी ठेवलाय. उभा सोळा. सोपाय."

उभा सोळा, तीन अक्षरी: 'जिच्यात डावं उजवीकडे दिसतं, अशी वस्तू.'

मला आठवेना. शपथेवर सांगतो, रागाने डोकंच बंद पडलं होतं. पंधरा मिनिटं गेली. रेडिओ पहिल्यांदाच गप्प बसून वाट बघत होते, आणि ते तर बोलण्यापेक्षाही भयंकर होतं. शेवटी मुलगी चहा घेऊन जाळीपाशी आली, बाहेरूनच कोड्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा! आरसा!"

चहा जाळीतून आत येईना, तो ती परत घेऊन गेली.

तरी मी हार मानली नाही. तो पर्गोला माझा आहे, आणि मी त्यात बसणार म्हणजे बसणार. रविवारी सकाळी तर गेलोच. मग ऑफिसातून आल्यावरही जाऊ लागलो. सुट्टीच्या दिवशी दुपारी डुलकी काढायलाही. दर वेळी वळसा, फाटक, बेल, व्हरांडा, विटा. हक्क सोडायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

गेल्या रविवारी मी बेल वाजवली, तर बराच वेळ दार उघडेना. मग रेडिओ आले. चेहरा उतरलेला, हातात कोडं अर्धवट.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे हो. पण निवांतपणा म्हणून उरला नाही बघा. जरा पेपर उघडावा, पेनाचं टोपण काढावं, की बेल. सकाळ नाही, दुपार नाही, संध्याकाळ नाही. आज तर 'आडवा नऊ' अगदी जिभेवर होता."

"काय लोक असतात!" मी मनापासून म्हणालो. "कोण येतं एवढं?"

ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

"तर मी म्हणतो," शेवटी ते म्हणाले, "हा व्हरांडा बंदिस्त करून घ्यावा. तुम्हाला अनुभव आहे. एखादं डिझाइन सुचवता?"

एखाद्याने मोठेपणा दिला की मला राग धरता येत नाही. माझी नजर त्यांच्या व्हरांड्याच्या खिडकीवर गेली. काच मोठी होती, स्वच्छ होती. मी पाय जुळवले, एक डोळा मिटला आणि मार्करसाठी खिशात हात घातला.

रेडिओंनी सर्रकन खिडकीचा पडदा ओढून घेतला.